हेडचे आटे

"सर, हेडचे आटे गेलेत."

हे वाक्य कंधारच्या भर बाजारात, सकाळी साडेदहा वाजता, खणखणीत आवाजात उच्चारले गेले. गॅरेजसमोरच्या बाकड्यावर चहा पीत बसलेली सहा माणसे एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी एकतीस वर्षे शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. गावात अजूनही मला कुणी नावाने ओळखत नाही, सगळे 'हेडसर'च म्हणतात. त्यामुळे त्या सहांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य उमटले नाही. एक जण तर 'आमाला पहिल्यापासूनच डाऊट होता' अशा शांतपणे बशीत चहा ओतत राहिला.

मिस्त्री बोलत होता ते माझ्या मोटारसायकलबद्दल. इंजिनाच्या टाळक्यावर ॲल्युमिनियमचा जो भाग असतो त्याला हेड म्हणतात, आणि स्पार्क प्लग फिरवून बसवण्यासाठी त्याच्या भोकात जी मळसूत्री नक्षी असते तिला आटे. आदल्या रविवारी मी प्लग काढून पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारली आणि परत बसवायला घेतला. तो जरा तिरका चालला. गणिताच्या मास्तराला तिरके चालत नाही. मी पान्याला पाइप लावला आणि जोर केला. आत काहीतरी हलकेच 'कर्र' झाले, आणि त्यानंतर प्लग इतका सुरळीत फिरायला लागला की मला वाटले, जमले!

"किती आवळलाव सर?"

"घट्ट बसावा म्हणून जरा..."

"प्लग हाय तो. बोअरची मोटार नाही."

हा मिस्त्री माझाच विद्यार्थी. आठवीच्या सहामाहीत मी त्याला गणितात शंभरपैकी अकरा मार्क दिले होते. ते त्याने त्या दिवशी व्याजासकट फेडले. "नवा प्लग हातानं शेवटपर्यंत फिरवायचा. मग पान्यानं फक्त अर्धा फेरा. अर्धा फेरा म्हणजे किती अंश, सर?"

बाकड्यावर कुणीतरी खोकले.

"एकशे ऐंशी," मी म्हणालो.

"बराबर," तो म्हणाला, आणि मला पास केले.

उपाय दोन होते. एक, नवे हेड. त्याची किंमत ऐकून मी दुसरा उपाय विचारला. दुसरा म्हणजे 'बुश मारणे'. जुने झिजलेले भोक थोडे मोठे करायचे, त्यात टॅपने नवे आटे पाडायचे, आणि बाहेरून-आतून दोन्हीकडे आटे असलेली एक नळी त्यात बसवायची. किंवा नळीऐवजी स्टेनलेस तारेची घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग. तिला कारखान्यात हेलिकॉइल म्हणतात. मूळचे दात पडले की कवळी बसवतात, तसेच हे. माझ्या वयाच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावे लागत नाही.

मिस्त्रीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि फडक्यावर उपडा केला. त्यातून जी मंडळी बाहेर पडली ती पाहून मला शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली. सगळ्यांची अंगे एकसारखी, पण पोशाख निरनिराळे. एक पितळी. एक पांढरा, निळसर झाक असलेला. एक सोनेरी पिवळा, त्यात मोराच्या पिसासारखी किंचित रंगीत तकाकी. एक काळा, तेलकट. आणि एक ती स्प्रिंग, कोणताच पोशाख न केलेली.

"कोणता टाकू?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "तो पिवळा. चांगला दिसतो."

"दिसतो कुणाला? आत जाणार हाय तो."

मुख्याध्यापकाला निर्णय घ्यायला सांगितला की तो आधी परिपत्रक शोधतो. मी प्रत्येकातला एकेक नमुना रुमालात बांधला, "उद्या सांगतो" म्हणालो आणि चालत घरी आलो. गाडी गॅरेजमध्येच होती. तसे गंजाशी आमचे नाते जुनेच. आमचा शेजारचा तालुकाच लोहा. नांदेडला जायचे तर लोह्यावरूनच जावे लागते.

मुलाम्याचे पहिले शास्त्र मी शिकलो ते कल्हईवाल्याकडे. आमच्या लहानपणी सणासुदीच्या आधी तो यायचा, लिंबाखाली खड्डा खणून भाता लावायचा आणि गल्लीतल्या सगळ्या पातेल्यांना तिथे बोलावणे जायचे. पातेले कोळशावर तापले की आत नवसागराची चिमूट पडायची. पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या आणि आम्ही पोरे मुद्दाम पुढे सरकायचो. मग तो कथलाची कांडी आत टेकवायचा. कथील २३२ अंशांनाच वितळते. त्याचा थेंब पाऱ्यासारखा धावायला लागायचा, आणि एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा घेऊन कल्हईवाला एका गिरकीत अख्खे पातेले चांदीचे करायचा. शेवटी पाण्यात 'चर्र'. आई ते उन्हात धरून बघायची आणि पैसे देताना हमखास म्हणायची, "मागच्या वेळी दोन महिन्यांत उडाली." कल्हई उडाली की त्या पातेल्यातले ताक कळकायचे, आणि ताक कळकले की घरातले वातावरणही.

त्या गिरकीने आम्ही इतके दिपून जायचो की नवसागराकडे कुणाचे लक्षच नसायचे. खरे काम तोच करायचा. धातूच्या अंगावर हवेने धरलेली जी काजळी असते ती तो खाऊन टाकतो, तेव्हा कुठे कथील धरते. आजच्या प्लेटिंगच्या कारखान्यातही तेच. तेल काढा, धुवा, आम्लात बुडवा, परत धुवा, आणि मग मुलाम्याच्या हौदात सोडा. मुलामा देणे म्हणजे निम्म्याहून जास्त धुणीच असतात. निवडणुकीच्या तोंडावर न धुताच मुलामा देण्याची जी पद्धत आहे, तिची कल्हई दोन महिनेही का टिकत नाही, हे मला तेव्हा उमगले.

आता कथील आणि जस्त. दोन्ही पांढरे, दोन्ही लोखंडावर चढतात. पण स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. त्यावर कथलाचा थर असतो. जोवर तो अखंड आहे तोवर छान. पण डबा आपटून थराला ओरखडा पडला की कथील नामानिराळे राहते आणि उघडे पडलेले लोखंड एरवीपेक्षा जोरात गंजते. उलट जस्ती बादली. तिला दगडावर आपटा, विहिरीच्या काठावर घासा. ओरखड्यातून लोखंड दिसायला लागले, तरी शेजारचे जस्त पुढे होते, स्वतः झिजते आणि लोखंडाला हात लागू देत नाही. मला यात आमच्या शाळेचा शिपाई दिसला. तपासणी आली, रजिस्टर सापडेना, पाण्याच्या टाकीत बेडूक निघाला, की साहेबांसमोर आधी तो उभा राहायचा आणि सगळे बोलणे खायचा. मी मागे सुरक्षित. एकतीस वर्षांत मला गंज कसा चढला नाही याचे लोक कौतुक करतात, त्याचे श्रेय त्याचे आहे. तो निवृत्त झाला तेव्हा पार झिजला होता.

लोखंडावर जस्त चढवण्याचे पेटंट सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८३७ साली घेतले. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ साली सुरू केलेले आमच्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचे बांधकामही त्याच साली पुरे झाले. त्याच्या शिखरावरचे सोने आजही उन्हात दुरून लखलखते. सोने गंजत नाही, काळवंडत नाही. ते त्या जागीच शोभते. पण शंभर सीसीच्या इंजिनातल्या बुशाला सोने परवडत नाही. शिवाय खालच्या धातूसाठी स्वतः झिजणे हे सोन्याच्या स्वभावात नाही. ते काम जस्ताचे.

थोडक्यात, मुलामे दोन जातीचे. पहिली जात आमच्या कंधारच्या किल्ल्याच्या खंदकासारखी. राष्ट्रकूटांच्या वैभवाचा हा भुईकोट. सपाटीवर उभा, म्हणून भोवती खंदक. खंदक भरलेला आहे तोवर शत्रू बाहेर. एका जागी बुजला की तिथून सगळी फौज आत. कथील, निकेल, रंग हे सगळे खंदक. दुसरी जात जस्ताची, म्हणजे तटाबाहेर लढणाऱ्या शिबंदीची. ती पडते, पण पडेपर्यंत दरवाजा उघडत नाही. आपल्याला खंदक हवा की शिबंदी, हे आधी ठरवायचे. 'चांगला दिसतो' ही तिसरी जात आहे आणि तिने आजवर कुठलाही किल्ला राखलेला नाही.

इथवर आल्यावर मला वाटले, झाले, जस्ताचा घेऊ. पण धातू एकटा राहत नाही. त्याला शेजारी असतो. आणि शेजाऱ्यांचे पाहायचे तर आधी बांध पाहावा लागतो.

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये पाणी आले, की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि दोघांतला जो कमी प्रतिष्ठित, तो झिजायला लागतो. प्रतिष्ठेची रांग ठरलेली आहे. तळाला मॅग्नेशियम आणि जस्त, मग ॲल्युमिनियम, मग कॅडमियम, मग लोखंड. वर पितळ, तांबे, स्टेनलेस. आणि सर्वांत वर चांदी-सोने. पंगतीत दोघांमधले अंतर जितके जास्त तितके भांडण जोरात. गंमत एवढीच, की आमच्या मराठवाड्यात पाणी नसले की बांधावर भांडणे होतात, आणि धातूंच्यात पाणी आले की. त्यामुळे दुष्काळी भाग बोल्टांच्या दृष्टीने अतिशय सुखी आहे. कोकणातली माणसे पत्र्याच्या गंजाबद्दल जे दुःख सांगतात ते आम्हाला नीट कळत नाही. आमच्याकडे पत्रा गंजायच्या आधी वादळात उडून जातो.

मुलामा किती टिकतो हे मोजायला एक खास पेटी असते. त्यात पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सतत मारतात आणि आतले तापमान ३५ अंश ठेवतात. पांढरा गंज किती तासांनी आला, लाल गंज किती तासांनी आला, ते लिहून ठेवतात. १९३९ पासून अमेरिकी प्रमाणसंस्थेच्या पुस्तकात ही परीक्षा आहे. मीठ ठीक, पण ३५ अंशांना छळ म्हणणारा माणूस मे महिन्यात कंधारला आलेला नसावा. ३५ अंशांना आम्ही 'आज बरं आहे' म्हणतो आणि लग्नाला जातो.

दुसऱ्या दिवशी मी रुमाल सोडून गॅरेजमध्ये बसलो. मिस्त्रीचा कल पितळेकडे होता. "पितळ टाकू सर. पितळ हेडसंगं फुगतं." मी घरी जाऊन आकडे काढले आणि खाली बसलो. पोरगा शंभर टक्के बरोबर होता. एक अंश तापमान वाढले की ॲल्युमिनियम मीटरमागे २३ मायक्रॉन फुगते, पितळ १९ आणि लोखंड अवघे १२. गाडी तापली की हेड फुगते. लोखंडी बुश मागे राहतो आणि सैल पडू शकतो, पितळी बुश जवळजवळ पावलाशी पाऊल टाकत जातो. हे त्याला कुणी शिकवले? मी तर नाही. मी त्याला अकरा मार्क देत होतो.

पण पितळेला एक शत्रू आहे, आणि तो नेमका माझ्या घरी राहतो. माझी गाडी रात्री गोठ्यात उभी असते, दोन म्हशींच्या मध्ये. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि पावसाळा सरता सरता त्यांना आपोआप तडे गेलेले दिसत. गोळी झाडली नाही, कुणी हात लावला नाही, तरी तडे. लोकांना वाटले, हवामानाचा दोष. अखेर १९२१ मध्ये कोडे सुटले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून आकार देताना पितळेत राहिलेला ताण, ही तीन मंडळी एकत्र आली की पितळ चिरते. हे वाचून मी गोठ्यात गेलो. म्हशींनी माझ्याकडे निर्विकारपणे पाहिले. अमोनियाचा वास मला रोजच येत होता. त्याला इतिहास आहे हे पहिल्यांदा कळले.

पितळ बाद. आता पिवळा आणि पांढरा. हे दोघे खरे तर एकच: लोखंडावर जस्त, आणि जस्तावर रंगाची एक अतिपातळ साय. जस्ताला लवकर झिजू न देण्यासाठी ती असते. हार्डवेअरच्या दुकानात 'पिवळा टिकतो' म्हणतात, त्यात तथ्य होते. पण जुनी पिवळी साय बनायची ती षट्‍संयुजी क्रोमियमपासून, आणि ते कर्करोगाला आमंत्रण. म्हणून युरोपने विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालात त्याच्यावर २००६ च्या जुलैपासून निर्बंध आणले. आता पुष्कळ ठिकाणी त्रिसंयुजी क्रोमियमची साय देतात. ती मुळात फिकट, आणि गिऱ्हाइकाला पिवळे आवडते म्हणून वरून रंग घालतात. म्हणजे मी ज्या सोनेरी रंगावर भाळलो होतो तो एक ग्रॅमच्या दागिन्याचा चुलतभाऊ निघण्याची शक्यता होती. शिवाय जुनी अस्सल पिवळी सायसुद्धा साठ-सत्तर अंशांच्या पुढे तापली की बरीच ताकद गमावते. प्लगच्या शेजारी तापमान सहज दीड-दोनशे अंश. तिथे पिवळा बसवणे म्हणजे लोण्याची टोपी घालून चुलीजवळ बसणे.

तिसरी अडचण सांगितली ती शेजारच्या लेथवाल्या चाचांनी. चाचा चष्म्यावरून बघतात आणि मोजमाप झाल्याशिवाय बोलत नाहीत. "सर, मुलामा चढानेसे पहले जगा छोडना पडता. नै तो बोल्ट घुसताच नै."

मी म्हणालो, थर तो कितीसा, दहा मायक्रॉन! केसापेक्षा कितीतरी पातळ.

चाचांनी माझ्याच वहीत माझ्याच पेनाने दोन तिरक्या रेघा काढल्या. आट्याचे दोन उतार, मध्ये साठ अंशांचा कोन. थर उतारावर बसतो. पण उतार तिरका, म्हणून आट्याच्या मध्यावर आडवे मोजले तर एका बाजूला तो दुप्पट भरतो, आणि बाजू दोन. एकूण चौपट! दहा मायक्रॉनचा मुलामा आट्याला चाळीस मायक्रॉनने जाड करतो. एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांत नेहमीच्या बोल्टाला २६ मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते. भागिले चार, साडेसहा. साडेसहाच्या वर थर गेला की मापात पास झालेला बोल्ट नटात शिरताना नापास. लग्नातला कोट पोरीच्या लग्नात घालायला मी काढला होता, त्याची मला आठवण झाली. आतून एकच स्वेटर वाढला होता, पण बटण लागेना. विजेच्या खांबांवरचे बोल्ट साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. त्यांच्यावर थर इतका जाड बसतो की त्यांच्या नटांना आधीच मोठे टॅप मारावे लागते. आतले आटे उघडे राहतात, आणि त्यांची काळजी बोल्टावरचे जस्त घेते. तिथेही शिपाईच.

बुशाला तर आत-बाहेर दोन्हीकडे आटे. म्हणजे हिशेब दोनदा. मी चाचांकडे आदराने पाहिले. माझ्या शाळेत भूमितीला असा शिक्षक मिळाला असता तर.

त्यानंतर जे मुलामे मी वाचले ते कंधारच्या डब्यात नव्हते, पण निवड करायची तर सगळी स्थळे बघायला हवीत. विमानवाल्यांचा लाडका कॅडमियम: ॲल्युमिनियमशी त्याचे छान जमते, आटा मऊ फिरतो, मिठाच्या हवेत टिकतो. दोष एकच, तो विष आहे. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे नाव 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. तिथल्या सरकारने १९६८ मध्ये ते मान्य केले. रोगाचे नाव रोग्याच्या कण्हण्यावरून पडावे, यापुढे विनोद करायचे धाडस मला नाही. दुसरा मुलामा चांदीचा: जेट इंजिनाच्या तापलेल्या भागांत नट-बोल्ट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. तिसरा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा, कोरडे वंगण म्हणून. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट जोरात आवळला की दोघे असे धरतात की करवतीशिवाय सुटत नाहीत. घासताना वरची साय निघते आणि उघड्या अंगाने एकाच रक्ताचे दोघे एकमेकांना भिडतात. सख्ख्या भावांच्या वाटणीच्या केसेस कंधारच्या कोर्टात वर्षानुवर्षे का चालतात, याचे धातुशास्त्रीय उत्तर हेच असावे.

आणि शेवटचा, सर्वांत सज्जन दिसणारा घातकी प्रकार: फार कडक पोलादाच्या बोल्टावरचा मुलामा. आम्लात धुताना आणि विजेच्या हौदात बसवताना हायड्रोजन पोलादाच्या पोटात शिरतो. बोल्ट चकचकीत होऊन येतो, आवळला जातो, सगळे घरी जातात; आणि मग एखाद्या रात्री, काहीही न होता, तो तुटतो. म्हणून असे बोल्ट मुलाम्यानंतर लगेच भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजून घेतात, म्हणजे पोटातले बाहेर पडते. उन्हाळी प्रशिक्षणाहून चकचकीत होऊन परतलेले काही शिक्षक मला आठवले. त्यांनाही भाजून घ्यायला हवे होते.

चौथ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा माझ्याकडे सोळा पानांचे टिपण होते. बाकड्यावरची सहा माणसे तीच होती. मी खुर्ची घेतली आणि क्रमाने सांगितले: पितळ का नको, पिवळा का नको, जाड मुलामा का नको, कॅडमियम तर मुळीच का नको. मिस्त्री पाना पुसत ऐकत होता. शेवटी मी निष्कर्ष वाचला: "सबब, स्टेनलेस तारेची स्प्रिंग, कोणत्याही मुलाम्याशिवाय. त्यात क्रोमियम असते, ते हवेतला प्राणवायू घेऊन डोळ्याला न दिसणारी साय स्वतःच धरते, आणि ओरखडा पडला तर पुन्हा धरते. म्हणजे ती आपली कल्हई आपणच करते. पंगतीत ती ॲल्युमिनियमपासून लांब आहे हे खरे, पण हेड मोठे, स्प्रिंग चिमूटभर, आणि जागा तापून कोरडी राहणारी. त्यामुळे झीज झाली तरी नगण्य. शिवाय प्लगच्या स्वतःच्या अंगावर कारखान्यातूनच मुलामा असतो, तेव्हा दोघे एकमेकांना धरण्याचीही भीती कमी."

"मी त्येच टाकणार होतो," मिस्त्री म्हणाला.

"मग पितळ का म्हणालास?"

"तुमी पिवळा पिवळा करायलाव म्हणून. म्हणलं, निदान पितळ तरी घ्या."

त्याने टॅपच्या खाचांत ग्रीस भरले, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस त्याला चिकटून बाहेर यावा, आत पिस्टनवर पडू नये. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे; परत अर्धा पुढे. टॅप बाहेर काढला तेव्हा ग्रीसमध्ये चंदेरी कीस अडकलेला, कोथिंबीर-वडीवरच्या तिळासारखा. मग स्प्रिंग फिरवून आत उतरवली. तिच्या तळाशी एक आडवे शेपूट असते, त्याला धरूनच ती फिरवतात. बसल्यावर ते नाकाड्या पक्कडीने मोडून बाहेर काढायचे. आत पडले तर इंजिन गेले. त्या क्षणी बाकड्यावर सुद्धा कुणी चहा प्यायला नाही. 'टिक' असा आवाज आला आणि मिस्त्रीने पक्कड वर धरली. टोकाला तांदळाच्या कणीएवढे शेपूट.

मग त्याने नवा प्लग माझ्या हातात दिला. "बसवा सर."

मी बोटांनी फिरवला. सरळ गेला, शेवटपर्यंत गेला, टेकला. पाना लावला आणि थांबलो.

"किती?" त्याने विचारले.

"एकशे ऐंशी."

माळेगावच्या जत्रेत घोडा घेणारा माणूस आधी जबडा उघडून दात बघतो, अंगावरची तुकतुकी मागून. बोल्ट, नट, बुश घेताना तेवढेच करा. तो कुणाच्या शेजारी बसणार, किती तापणार, ओल लागणार की नाही आणि मुलाम्याला आट्यात जागा आहे का, हे चार प्रश्न विचारा, रंग पाचवा. आणि यांतला एकही मुलामा पान्याला पाइप लावणाऱ्या माणसापासून वाचवत नाही. तेव्हा नवा प्लग आधी हाताने फिरवा, मग अर्धा फेरा.